बहात्तर छायाचित्रांची मर्यादा

काटकसर आणि संयम बाहेरून सारखेच दिसतात. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला तर ते एकच वाटण्याचा संभव अधिक. दोरीचा तुकडा आणि पाठकोरा कागद जपून ठेवण्याचा संस्कार आपल्यावर लहानपणीच होतो. या दोहोंतील अंतराचा विचार माझ्या मनात आला, तो वडिलांच्या कपाटातील एका छोट्या जपानी कॅमेऱ्यामुळे.

त्याचे नाव ऑलिंपस पेन. हा कॅमेरा १९५९ साली प्रथम बाजारात आला. योशिहिसा मायतानी या तरुण अभियंत्याने त्याची रचना केली. कॅमेरा सहा हजार येनांत विकता यावा, भिंग मात्र उत्तमच असावे, असा त्यांचा आग्रह होता. खर्चाचा मोठा वाटा भिंगावर गेला; उरलेली यंत्रणा त्यांनी शक्य तितकी साधी केली. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरचे चित्र उमटते. येथे ते १८ × २४ चे ठेवले. त्यामुळे छत्तीस छायाचित्रांच्या रोलमध्ये बहात्तर बसू लागली. पेनासारखा सहज जवळ बाळगता यावा, म्हणून नावही तेच. कमी ऐपतीच्या गिऱ्हाइकाला हलका माल न देता किंमत उतरवणे, ही कोणत्याही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

या आकाराला ‘अर्धी चौकट’ म्हणतात. परंतु जुन्या मूक चित्रपटांच्या फिल्मवरील चौकट एवढीच असे. आज जिला पूर्ण म्हणतात, ती मुळात अशा दोन चौकटी मिळून झालेली आहे. एकाच वस्तूला कोणी अर्धे म्हणावे, कोणी पूर्ण. अनेकान्त मानणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

आमच्याकडील कॅमेरा याच घराण्यातील ‘ईई-३’. त्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवती खडबडीत काचेचे कडे असून त्यामागे सेलेनियमचा पट्टा आहे. प्रकाश पडला की त्यातूनच सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि किती उजेड आत घ्यायचा, हे कॅमेरा स्वतः ठरवतो. उजेड अपुरा असला, तर बटण दाबताच दर्शनखिडकीत लाल पट्टी वर येते आणि छायाचित्र निघतच नाही. या नकारामुळे फिल्म वाया जात नाही. निगेटिव्ह लहान असल्याने मोठ्या प्रिंटवर कण दिसतात, एवढी उणीव मात्र आहे.

आणखी एक विशेष असा की, कॅमेरा आडवा धरला तरी चित्र उभे येते. फेब्रुवारी १९८१ मध्ये श्रवणबेळगोळ येथे सहस्राब्दी महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा वडिलांनी तो बरोबर नेला होता. कायोत्सर्गात उभ्या असलेल्या सत्तावन्न फुटी बाहुबलींसाठी ही चौकट जणू आधीच योजलेली होती. त्या यात्रेचे प्रिंट आजही आमच्या देवघराशेजारच्या फडताळात आहेत.

गेल्या पर्युषणात नातीने विचारले, “आजोबा, यात नवा रोल घालू का?” प्रश्न साधा होता; उत्तर तसे नव्हते. फिल्मवरील चांदीचे प्रकाशसंवेदी कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात आणि ते जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून तयार होते. मिठाई-गोळ्यांच्या वेष्टनावर आपण तो शब्द शोधतो. रोलच्या डबीवर शोधत नाही. अर्ध्या चौकटीने हा वापर निम्मा होतो खरा, पण अहिंसा हा निम्म्याचा व्यवहार नव्हे. मी तिला कारण सांगितले आणि नको म्हटले.

तिने लगेच मोबाइल पुढे केला. “यात जिलेटिन नाही,” ती म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर होते. पण त्यात अकरा हजारांहून अधिक छायाचित्रे होती आणि त्यांपैकी बहुतेक तिने पुन्हा उघडलीही नव्हती. तेथे फिल्मचा खर्च नाही, म्हणून काटकसरीचे कारण नाही. काटकसर महागाईच्या भयाने होते. वस्तू फुकट झाली की ती सुटते. संयमाला मात्र किंमत स्वस्त-महाग असण्याशी कर्तव्य नसते. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत हेच सांगते: परवडते किती, हे न पाहता आपली सीमा आपणच आखावी.

दिवाळीनंतर आम्ही कुंभोज-बाहुबलीला गेलो, तेव्हा नातीने आपण होऊन नियम घेतला: यात्रेत बहात्तरच छायाचित्रे. पहिल्याच दिवशी तिची साठ झाली. दुसऱ्या दिवशी मोबाइल पिशवीत राहिला आणि ती माझ्याबरोबर पायऱ्या मोजत वर आली. परतल्यावर तिने प्रत्येक छायाचित्र आजीला दाखवले आणि त्यामागचे सांगितले. वडिलांचा कॅमेरा कपाटात रिकामाच आहे; त्याची मर्यादा तेवढी आम्ही वापरात ठेवली आहे.