थकीत राजपुत्र

माणसानं कशाची वाट पाहावी याला वयाची काही अट असावी, असं आमच्या हिचं मत आहे. तिच्या हिशेबानं पंचेचाळिशी ओलांडलेल्या बँक कारकुनानं वाट पाहण्यासारख्या गोष्टी तीनच: महागाई भत्ता, गॅसचा सिलिंडर आणि मुलाचा निकाल. मी मात्र गेली कित्येक वर्षं एका राजपुत्राची वाट पाहतो आहे. घरात लग्नाची मुलगी असती तर ते शोभूनही दिसलं असतं. पण आम्हाला एकुलता एक मुलगा, आणि राजपुत्र कॉम्प्युटरच्या खेळातला.

खेळाचं नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. नव्वदच्या दशकात ‘आता जग कॉम्प्युटरचं आहे’ असं म्हणून ज्यांच्या वडिलांनी क्लासची फी भरली, त्यांना ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. जाफर नावाचा दुष्ट वजीर राजकन्येला कोंडून ठेवतो आणि एका तासाची मुदत देतो. माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कैद. अंगावर पांढरा सदरा-पायजमा, पायात काही नाही, हातात तलवारसुद्धा नाही. ती वाटेत शोधायची. साठ मिनिटांत बारा लेव्हल पार करून यानं राजकन्येला सोडवायचं. गंमत म्हणजे हा गडी मुळात राजपुत्र नाहीच. राजकन्येशी लग्न झाल्यावर होणार. म्हणजे आमच्या भाषेत प्रोबेशनवरचा राजपुत्र.

जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणानं हा खेळ १९८९ साली बाजारात आणला. माणूस खरोखर कसा धावतो, कठड्याला कसा लोंबकळतो, हे कळावं म्हणून त्यानं १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. संगीत वडिलांचं. सगळा घरचा कारभार! पडद्यावर धावतो तो राजपुत्र म्हणजे मुळात एक धाकटा भाऊ आहे. आमच्या घरी धाकट्या भावाचा उपयोग कोपऱ्यावरून कोथिंबीर आणण्यापलीकडे कुणाला सुचला नव्हता.

तो धाकटा म्हणजे मन्या. १९९५च्या उन्हाळ्यात माझी दहावीची परीक्षा संपली आणि वडिलांनी आम्हा दोघांना सांगलीतल्या एका क्लासला घातलं. वर्डस्टार, लोटस, डीबेस. बूट बाहेर काढून आत जायचं, कारण कॉम्प्युटरला धूळ सोसत नसे. एका यंत्रावर दोघं, वेळ एक तास. सर चहाला गेले की कुणीतरी फ्लॉपी सरकवायचं आणि राजपुत्र धावू लागायचा.

कीबोर्ड एक आणि भाऊ दोन, म्हणून आम्ही वाटणी केली. बाणांची बटणं माझ्याकडे, शिफ्ट मन्याकडे. पळणं, उडी मारणं, वळणं हे सगळं मोठ्या भावाचं काम. जपून पाऊल टाकणं, तलवारीचा वार करणं आणि लोंबकळताना कठडा धरून ठेवणं हे शिफ्टचं, म्हणजे मन्याचं. शिफ्ट सुटलं की राजपुत्र खाली. बहुतेक वेळा खालच्या भाल्यांवर. प्रत्येक मरणानंतर आमचं भांडण ठरलेलं. ‘तू उशिरा उडी मारलीस.’ ‘तू लवकर सोडलंस.’

त्यात क्लासचा मॉनिटर कृष्णधवल. खेळात औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, लाल रंगाची जीव देते आणि निळी जीव घेते. आम्हाला दोन्ही करड्याच दिसायच्या. त्यामुळे आमचा राजपुत्र नेहमी सरकारी दवाखान्यात आल्यासारखा, देवाचं नाव घेऊन मिळेल ते पिऊन टाकायचा.

शिवाय खेळ साठ मिनिटांचा, क्लासही साठ मिनिटांचा आणि सरांचा चहा वीस मिनिटांचा. हिशेब बसणं शक्यच नव्हतं. खेळ मध्येच साठवून ठेवता येतो, ही माहिती मला नोकरीला लागल्यावर मिळाली. शेवटी पुढच्या बॅचच्या एका मुलानं गुपित सांगितलं: खेळ सुरू करताना ‘प्रिन्स’च्या पुढे ‘मेगाहिट’ असा शब्द टाईप करायचा. मग शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची लेव्हल. शिफ्ट मन्यानं दाबलं, एल मी. संगनमतानं केलेला माझा तो पहिला आणि अखेरचा गैरव्यवहार.

असे आम्ही बाराव्या लेव्हलला पोचलो. तिथं राजपुत्रासमोर त्याचीच सावली उभी राहते. चौथ्या लेव्हलला एक आरसा लागतो. त्यातून राजपुत्र उडी मारून जातो, तेव्हा ही पलीकडून निघालेली असते. मग वाटेत त्याचं औषध पिऊन टाकते, तोंडावर दार लावते, थोडक्यात जवळच्या नातेवाइकाप्रमाणे वागते. आता तलवार उपसून समोर. मी लढायला लागलो. तिला एक वार बसला की आमचाही एक जीव कमी. ती मेली की आम्हीही मेलो. असे पाच-सहा वेळा मेल्यावर मन्या म्हणाला, ‘दादा, तलवार म्यान कर.’

‘शत्रूसमोर? वेडा आहेस का?’

तलवार म्यान करायचं बटण म्हणजे खालचा बाण; माझ्या वाटणीतला. मन्यानं हात लांब करून तो दाबला. सावलीनंही तलवार म्यान केली. मग तिच्या अंगावर चालून गेलो, तर दोघं मिळून एक झाले आणि वाट मोकळी. बारा वर्षांच्या पोराला ते सुचलं याचं मला कौतुक वाटायला हवं होतं. मी मात्र ‘माझ्या बटणाला हात का लावलास’ म्हणून त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

पुढे त्या राजपुत्राचे भाग येत राहिले. १९९३चा दुसरा भाग आम्ही मागाहून खेळलो. २००३ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं ‘सँड्स ऑफ टाइम’ काढला. त्यातली नायिका फराह ही एका भारतीय महाराजांची मुलगी, म्हणजे माहेर आपल्याकडचं. राजपुत्राच्या हाती त्यात एक खंजीर येतो, आणि उडी चुकली की थोडा काळ मागे फिरवता येतो. मन्या त्यावर खूष! मी नाराज. चुकीची नोंद अशी परस्पर मागे घेता आली तर व्हाउचरला अर्थ काय? तेव्हापासून पुढचा भाग कसा असावा यावर आमचे दोन पक्ष. मला तासाची मुदत हवी, त्याला मुदतवाढ.

२०१०नंतर मोठा खेळ येईना. त्याआधीच एक घोटाळा झाला होता. राजपुत्राचा पुढचा भाग म्हणून सुरू केलेल्या कामातून ‘असॅसिन्स क्रीड’ नावाचं भलतंच बाळ २००७ साली जन्माला आलं, आणि घरात लाड त्याचेच सुरू झाले. आम्ही वाट पाहत राहिलो.

सप्टेंबर २०२०मध्ये मन्याचा पुण्याहून फोन आला. ‘दादा, सँड्स ऑफ टाइम नव्यानं बांधतायत. आणि कुठे, सांग! पुणे आणि मुंबई!’ आणि ते खरं होतं. कंपनीच्या या दोन शहरांतल्या स्टुडिओंकडे काम आलं होतं. पर्शियाचा राजपुत्र आमच्या महाराष्ट्रात, तोही पुणे-मुंबईच्या संमतीनं! २१ जानेवारी २०२१ ही तारीखही पडली. पहिली झलक पाहून जगभरच्या चाहत्यांनी ‘चित्रं जुनाट दिसतात’ म्हणून नाकं मुरडली. कृष्णधवल मॉनिटरवर वाढलेल्या आम्हा दोघांना ती राजेशाही वाटली.

तो फोन महत्त्वाचा होता. कारण त्याच वर्षी वडिलांच्या घरावरून आमचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. घर विकावं असं माझं मत. ठेवावं असं त्याचं. बँकेत असल्यामुळे कागद मी केले, आणि बँकेत असल्यामुळेच त्याला फक्त फुली मारलेल्या जागी सही करायला पाठवले. त्यानं सही केली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. राहिला तो राजपुत्र.

तारीख १८ मार्चवर गेली, की फोन. फेब्रुवारीत ती बेमुदत पुढे ढकलली, की फोन. ‘अरे, तू पुण्यात राहतोस. जरा जाऊन विचार ना.’ ‘दादा, मी कोथरूडला राहतो. कंपनीत नाही.’ मे २०२२मध्ये काम कॅनडात माँट्रियलला गेलं. त्या दिवशी आम्ही अर्धा तास बोललो; त्यात एकदा त्यानं माझ्या गुडघ्याचीही चौकशी केली.

आमच्याकडे नियम सोपा आहे. हप्ता नव्वद दिवसांवर थकला की खातं एनपीए. आधी सब-स्टँडर्ड, वर्षभरानं डाउटफुल, शेवटी लॉस. त्या हिशेबानं माझी आशा केव्हाच डाउटफुल झाली होती. जानेवारी २०२४मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ आला, तर त्यात राजपुत्रालाच पळवून नेलेलं, आणि सोडवायला सार्गॉन नावाचा दुसराच तरुण. मग जूनमध्ये कळलं की आपला तो नवा ‘सँड्स ऑफ टाइम’ २०२६ला येणार. खात्यात थोडी रक्कम जमा झाल्यासारखं वाटलं.

जानेवारी २०२६मध्ये कंपनीनं तो खेळ रद्द केला. पहिल्या तारखेला बरोबर पाच वर्षं झाली होती.

बातमी मी वाचली. मन्यानंही वाचलीच असणार. फोन मात्र आला नाही. मीही केला नाही. करून बोलणार काय? पुढची तारीखच नव्हती. पंधरा दिवस गेले, महिना गेला.

आणि एक दिवस काउंटरवर एक कर्जदार आले. ‘साहेब, माझं कर्ज तुम्ही राइट-ऑफ केलंत म्हणे. म्हणजे सुटलो ना मी?’ या प्रश्नाचं उत्तर मी झोपेतही देऊ शकतो. ‘नाही हो. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. आम्ही फक्त आमच्या वहीतून रक्कम काढली. तुमच्याकडची बाकी आहे तशीच आहे, आणि वसुली चालूच...’

एवढं म्हणून मी थांबलो. कर्जदार घाबरून माझ्याकडे पाहू लागले.

रात्री गॅलरीत जाऊन मन्याला फोन लावला. खेळाचं काहीच बोललो नाही. म्हटलं, ‘घराचे कागद फाडून टाकलेत. तू ये. आधी दोघं मिळून घर बघू, मग काय लिहायचं ते लिहू.’

पलीकडे काही आवाजच नाही. बराच वेळ.

‘मन्या? लाईन सुटली काय रे?’

‘नाही दादा,’ तो म्हणाला, ‘शिफ्ट धरून बसलोय.’

मग आम्ही पुढचा भाग कसा असावा यावर पाऊण तास भांडलो. मुदतीच्या मुद्यावर मी मागे हटलो नाही, खंजिराच्या मुद्यावर तो हटला नाही.

आत आलो तर ही जागीच. ‘एवढ्या रात्री कुणाशी बोलत होतात?’

‘बँकेचं काम,’ मी म्हटलं. ‘वसुली.’