खाचेतली गाडी

सुरतगडला आम्हाला क्वार्टर मिळालं तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता. त्याआधीची दोन वर्षं मी काश्मीरमध्ये फील्डवर, तो आणि त्याची आई पुण्यात. रजेवर गेलो की दोन दिवस तो भरभरून बोलायचा, तिसऱ्या दिवशी विषय संपायचे. आता रोज एकत्र जेवायचं होतं, आणि आमचं बोलणं म्हणजे 'लोणचं दे' आणि 'झालं का होमवर्क'.

त्याच सुमारास एनडीएतला एक कोर्समेट बदलीवर जाताना एक खोकं देऊन गेला. "माझी पोरं मोठी झाली. तुझ्याकडे राहू दे." आत स्कॅलेक्सट्रिकचा जुना संच होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्लॅस्टिकच्या ट्रॅकमध्ये खाच असते, तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते, तिच्याजवळचे तारांचे दोन झुपके पट्ट्यांवरून वीज घेतात. हातातल्या कंट्रोलरचा घोडा जितका दाबाल तितका वेग. स्टिअरिंग नाही. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज माणसाने हे १९५७ मध्ये बाजारात आणलं. त्याच्या चावीच्या गाड्यांचं नाव स्कॅलेक्स, त्याला इलेक्ट्रिक जोडलं की झालं स्कॅलेक्सट्रिक. प्रमाण १:३२, म्हणजे साडेचार मीटरची गाडी चौदा सेंटीमीटरची.

स्टिअरिंग नाही म्हणजे सोपं, असं मला वाटलं. पहिल्याच वळणावर माझी गाडी उडून सोफ्याखाली गेली. दुसऱ्यांदाही. मुलगा म्हणाला, "बाबा, तू वळण आलं की सोडतोस. आधी सोड."

पहिला ट्रॅक आम्ही साधा लंबगोल मांडला. बाहेरची लेन लांब पडते, त्यावरून भांडण. मग त्याने आठचा आकडा सुचवला. त्यात दोन्ही लेनना आतलं-बाहेरचं सारखं वाट्याला येतं. सूचना चोख होती. मी मात्र इन्स्पेक्शनला आल्यासारखा एकेक जोड दाबून बघू लागलो, हा सैल आहे, तो वाकडा आहे. तो काही न बोलता उठला आणि खोलीत गेला. दोन दिवस ट्रॅक तसाच पडून राहिला. त्यात आंधी आली.

सुरतगडची धूळ बंद खिडकीतूनही आत येते. गाड्या अडखळून थांबायला लागल्या. मी एकटाच बसून पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या, टायर चिकटपट्टीवर फिरवून धूळ काढली, तारांचे झुपके साफ करून थोडे पसरवले. नवशिक्यांनो, निम्मा छंद हाच आहे! मग त्याच्या दारावर टकटक केली. "तू चालव. मी मार्शल." मार्शल म्हणजे वळणावर बसून उडालेली गाडी परत खाचेत ठेवणारा. बायको हसली. कर्नलसाहेब जमिनीवर मांडी घालून.

तो एकटाच लॅपमागून लॅप मारत होता. नजर गाडीवर. बऱ्याच वेळाने, तशीच नजर ठेवून म्हणाला, "तू तिकडे होतास ना, तेव्हा आई रात्री टीव्हीवर बातम्या लावू द्यायची नाही. मी शाळेत मित्राच्या फोनवर बघायचो."

मला काही सुचलं नाही. गाडी उडाली, ती मी उचलून ठेवली.

"घाबरायचास?"

"कधीकधी. पेपर असला की नाही." आणि पुन्हा घोडा दाबला.

तेव्हापासून जेवणानंतर अर्धा तास ठरलेला आहे. बोलणं होतंच असं नाही. सुरुवात करणाऱ्यांना एकच सांगेन, मोठा संच घेऊ नका. दोन गाड्या, आठचा आकडा पुष्कळ झाला. गाडीखालचं मॅग्नेट तिला ट्रॅकला चिकटवून ठेवतं, ते आधी राहू द्या. आम्ही ते गेल्या आठवड्यात काढलं. आता मागची चाकं वळणावर सरकतात आणि खरी मजा येते. काल मी दहात सहा लॅप खाचेत राहिलो. तो नऊ. दहाव्याला मार्शल मीच होतो, आणि गाडी ठेवायला मी मुद्दाम उशीर केला, असा त्याचा आरोप आहे.