शाळेचं नाव वाचून सांगणारा मुलगा

"शाळा कोणती रे तुझी?" असं मी एका दहा वर्षांच्या मुलाला विचारलं, तर त्यानं पिशवीतून प्रवेशपत्र काढलं आणि त्यावरचं नाव मला वाचून दाखवलं. पाचवीतल्या मुलाला आपल्याच शाळेचं नाव वाचून सांगावं लागतं! बरीच वर्षं झाली, पण ते काही केल्या मनातून जात नाही.

मी पाथर्डी तालुक्यात तिसगावजवळच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवोदय विद्यालय म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं या शाळा देशभर गेल्या. अगदी पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावतीची. आमच्या जिल्ह्याची पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला. सहावीला ८० जागा, राहणं-जेवण-पुस्तकं सरकारची. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. पाचवीत असताना द्यायची प्रवेश परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दुसरीपर्यंत तीही दर हंगामाला त्यांच्याबरोबर कारखान्याच्या थळावर, कोपीत राहायची. तिसरीपासून आजीनं तिला गावात ठेवून घेतलं. पाचवीत मात्र धाकटा भाऊ रांगायला लागला होता. आई फडात गेल्यावर त्याला सांभाळणार कोण? मुकादमाची उचल घेऊन झालेली, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता. दिवाळी झाली आणि मी त्यांच्या घरी गेले. आई म्हणाली, "बाई, मला कळतंय सगळं, पर ह्याला कुठं ठिवू?" शेवटी आजीच पुढे झाली. "पोरगी हलायची न्हाई हितनं," एवढंच बोलली. पोरगी राहिली आणि लेकराला पाचटावर निजवून आईनं हंगाम काढला.

त्या वर्षी परीक्षा जानेवारीत होती, म्हणजे ऐन गाळपात. पाथर्डी तालुक्यातल्या कितीतरी वस्त्यांवर तेव्हा म्हातारी माणसं आणि कुत्री एवढीच उरतात. ज्यांच्यासाठी ही शाळा काढली, त्यांचे आईबाप त्या महिन्यात शेकडो मैल दूर असतात. याबद्दल कुणाला कधी अवघडल्यासारखं झालेलं मी पाहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर आम्ही लवकर पोहोचलो. थोड्या वेळानं दोन जीप आल्या आणि एकसारखे स्वेटर घातलेली मुलं उतरली. त्यातला एक आमच्या मुलीशेजारी पायरीवर येऊन बसला. त्यालाच मी शाळा विचारली. त्यानं वाचून दाखवलेलं नाव तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका द्विशिक्षकी शाळेचं होतं. "तिथं कोण शिकवतं तुला?" तो गप्प. मग म्हणाला, "आम्ही क्लासच्या होस्टेलवर राहतो. तिथं दिवसभर आकृत्याच असतात."

आकृत्या का, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, कागद घडी घालून कापला तर उघडल्यावर कसा दिसेल ते सांगा. आमच्या पाठ्यपुस्तकांतून याची तयारी होत नाही. मी झेरॉक्स करून आणल्या तेवढ्याच आकृत्या आमच्या मुलीनं पाहिल्या होत्या. हा मुलगा वर्षभर दुसरं काही करत नव्हता. आणि कागदावर दोघं सारखेच ग्रामीण. तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत शिकल्याचा दाखला लागतो, त्यावर मुख्याध्यापकाची सही असते. म्हणजे माझ्यासारख्याच एका शिक्षकानं, कधी न पाहिलेल्या मुलाची हजेरी रोज भरली होती. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. वरिष्ठांशी बोलले, तर त्यांनी पुरावा मागितला. हजेरीपत्रक तर पूर्ण भरलेलं!

त्या मुलावर मात्र रागावता येईना. गणपतीनंतर तो घरीच गेला नव्हता. वडील ट्रॅक्टरवर चालक, क्लासची फी भरायला आईनं डोरलं मोडलेलं. पेपरला जाताना त्यानं आमच्या मुलीला स्वतःचं जादा पेन दिलं.

यादीत आमच्या मुलीचं नाव आलं नाही. त्या मुलाचं काय झालं, मला कळलं नाही. त्या रागात मी किती दिवस म्हणत होते, की ही परीक्षाच बंद करा.

माझं ते मत बदललं मावसभावामुळे. तो न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो. २०१८ मध्ये तिथले महापौर बिल डी ब्लासिओ यांनी स्टायव्हसंटसारख्या नामांकित सरकारी शाळांची प्रवेश परीक्षा मोडीत काढून प्रत्येक मिडल स्कूलमधली वरची ७ टक्के मुलं घ्यायचा प्रस्ताव मांडला. आशियाई पालक रस्त्यावर आले, कारण स्टायव्हसंटमध्ये निम्म्याहून जास्त मुलं त्यांची. भाऊ मला फोनवर म्हणाला, "ताई, आमची इथं कुणाशी ओळख नाही. मार्क पडले तर मुलीला घेतात, एवढंच आम्हाला समजतं. तेच काढलं तर आम्ही कुणाच्या दारात जायचं?" त्याचं मला पटलं. पण २०१९ मध्ये स्टायव्हसंटच्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना फक्त ७ मिळाल्या, हेही खरं. मी विचारलं, त्या मुलांना क्लास परवडत नसेल का रे? तो म्हणाला, आम्हाला तरी कुठं परवडतो, पोटाला चिमटा घेऊन भरतो. मला पायरीवरच्या त्या मुलाच्या आईचं डोरलं आठवलं. तो प्रस्ताव पुढे बारगळला, परीक्षा तशीच राहिली.

आता मी परीक्षा बंद करा म्हणत नाही. ती गेली तर तिच्या जागी काय येईल? शिफारसपत्र, मुलाखत, शाळेनं दिलेले गुण, म्हणजे पुन्हा कुणाची तरी सही. सही कशी मिळते ते मी पाहिलं आहे. ऊसतोड कामगाराच्या लेकीला कोण शिफारस देणार? पेपर तपासणाऱ्याला निदान तिचा बाप कोण ते दिसत नाही.

पण तारीख बदलता येईल. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस परीक्षा घ्या. आकृत्यांचा सराव पाचवीच्या वर्गातच द्या. डिसेंबरमध्ये कुणीतरी अचानक येऊन मुलं मोजा, नुसतं हजेरीपत्रक बघू नका.

आणि माझ्या मुख्याध्यापक बंधू-भगिनींना विनंती आहे. जे मूल तुमच्या वर्गात बसत नाही, त्याच्या नवोदयच्या अर्जावर सही करू नका. ती जागा थळावरून परत आलेल्या कुणाच्या तरी लेकराची असते.