मार्क कुठं कटले?

रिॲलिटी शोच्या लेखकांच्या खोलीत दिवसभर एक शब्द फिरत असतो, एव्ही. स्पर्धकाची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत. त्याचं घर, आईचे भाकरी थापणारे हात, वडिलांची जुनी सायकल, गावात शिरणारी वाट. मी बारा वर्षं या एव्ही लिहिल्या. गाणं, नाच, विनोद, सगळ्या स्पर्धांच्या. त्या लिहिताना मी मनापासून रडले आहे आणि घराघरांतल्या माणसांना रडवलंही आहे. त्यातलं खोटं काही नव्हतं. आईचे हात खरेच होते.

पण आता कुणी 'फॉरमॅट ताजा करायचाय, काही सुचव' असं म्हणतं, तेव्हा मला एव्ही आठवत नाही, एक मुलगा आठवतो. रिसोडकडचा. आमच्या वाशीम जिल्ह्यातला म्हणून माझा त्याच्यावर जास्त जीव. त्याच्या गावानं चौकात बॅनर लावला होता, आणि एसएमएसनं मतं द्यायच्या रिचार्जसाठी घरोघर वर्गणी झाली होती. पाचव्या आठवड्यात तो बाहेर पडला. निकाल जाहीर होण्याआधीचा तो लांब पॉज मीच लिहिलेला होता: दिवे मंद, ढोलाचा ठोका, कॅमेरा आधी त्याच्या डोळ्यांवर, मग आईवर. पुढच्या वीस मिनिटांत कॅमेऱ्यासमोर बाइट झाला, कपडेपटाचं जॅकेट परत गेलं, गाडी दाराशी लागली. निघताना तो म्हणाला, "ताई, मी हारलो कुठी ते कोनं सांगतलंच नाई. मले फक्त घरी धाडलं."

दुसऱ्या दिवशीच्या कॉलशीटवर त्याचं नाव नव्हतं. आम्ही पुढच्या भागाला लागलो.

त्याचं ते वाक्य मला पुरतं समजलं ते खूप नंतर, 2017 च्या उन्हाळ्यात. मामाचं गाव कारंजा तालुक्यात. त्या वर्षी पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, महाराष्ट्रातले 30 तालुके होते, आणि वाशीम जिल्ह्यातून कारंजा. आदल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. 8 एप्रिल ते 22 मे, 45 दिवस, पहिलं बक्षीस 50 लाखांचं. कितीतरी गावांनी 8 तारीख लागते त्या ठोक्याला, रात्री बारा वाजता, पहिली कुदळ मारली. मी सुट्टीवर आले होते आणि मामीबरोबर बॅटरी घेऊन माळावर गेले. माझ्या धंद्याची सवय, मी आधी कॅमेरा कुठं लावता येईल ते बघत होते. थोड्या वेळानं मी टोपलं उचललं.

ही स्पर्धा टीव्हीवरही दिसत होती. झी मराठीवर 'तुफान आलंया' लागायचा. म्हणजे आमचीच भाऊबंद. तरी तिची घडण आमच्याहून अगदी वेगळी. कुणी बाहेर पडत नव्हतं. चाळीसाव्या दिवशीही मागं पडलेलं गाव स्पर्धेतच होतं. आणि खोदायच्या आधी शिकायचं होतं: गावातली माणसं प्रशिक्षणाला जाऊन समपातळीच्या रेषा आखायला शिकून आली, सीसीटी म्हणजे उतारावरचे समपातळीतले सलग चर कसे खणायचे, दगडी बांध कुठं घालायचा ते शिकली. श्रमदानाला मार्क, यंत्राच्या कामाला मार्क, शोषखड्ड्यांना, रोपवाटिकेला, वॉटर बजेटला मार्क. कशाला किती, ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना पाठ.

मामाच्या गावाचा नंबर आला नाही. पहिलं बक्षीस वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या छोट्या आदिवासी गावानं नेलं. पुढच्या दिवाळीत मी पुन्हा गेले, तर पारावर वाद चालू. चार घरांचे शोषखड्डे राहिले होते, ते कुणामुळे? रोपवाटिका मे महिन्यात वाळली, पाणी कुणी घालायचं होतं? कुठले मार्क गेले ते माणसं बोटांवर मोजत होती. मामी तावातावानं त्या चारही घरांची नावं घेत होती, आणि त्यातल्या एका घरची बाई शेजारीच बसून उत्तर देत होती. हरून इतके महिने झाले तरी गाव त्या हरण्यावर काम करत होतं. मी तिथं बसले आणि मला रिसोडच्या त्या पोराला काय म्हणायचं होतं ते कळलं.

खरं तर मला हे लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं. वाशीमला बालाजी मंदिराजवळ आमचं घर. उन्हाळ्यात वडील मला आसपासच्या खेड्यांत खंजिरी भजनाच्या स्पर्धांना न्यायचे. तुकडोजी महाराजांच्या या मुलखात खंजिरी नाही असं गाव विरळाच. परीक्षकांपुढं कागद असायचा: सूर, ताल, शब्दोच्चार, शिस्त. पहाटे निकाल लागला की हरलेल्या मंडळाचे बुवा परीक्षकांपाशी जाऊन तो कागद बघायला मागत. तालात किती, उच्चारात किती. सकाळची पहिली एसटी येईपर्यंत जिंकलेले आणि हरलेले एकाच मांडवात चहा पीत बसलेले असायचे, आणि एखादा जिंकलेला बुवा हरलेल्याला ती अवघड लय पुन्हा वाजवून दाखवायचा.

वॉटर कपला टीकाही झाली, आणि तिच्यात तथ्य होतं. किती खणलं ते मोजता येतं, किती मुरलं ते 45 दिवसांत कळत नाही. पण पानी फाउंडेशननं फॉरमॅट ताजा केला तो कसा, ते मी धंद्यातल्या नजरेनं बघत आले. 2018 मध्ये 75 तालुके, 2019 मध्ये 76, आणि मग एवढी चाललेली स्पर्धा त्यांनी थांबवली. 2020 मध्ये दीड वर्षाची समृद्ध गाव स्पर्धा आणली, 2022 पासून गटशेतीचा फार्मर कप. बक्षीस वाढवून किंवा मोठा चेहरा आणून ते थांबले नाहीत. काय मोजायचं आणि किती काळ मोजायचं, हेच बदललं.

आमच्याकडं बहुतेक वेळा चेहरा बदलतो, नाहीतर दिवस. बिग बॉस मराठीच्या 2024 च्या पाचव्या पर्वात महेश मांजरेकरांच्या जागी सूत्रसंचालक म्हणून रितेश देशमुख आले आणि 100 दिवसांचे 70 झाले. त्यानं खेळाला वेग आला, हे मी नाकारत नाही. पण घराबाहेर पडलेला माणूस कुठं जातो, हा प्रश्न जिथल्या तिथं राहिला. 'सर्व्हायव्हर'नं त्याचं एक उत्तर शोधलं होतं: बाहेर पडलेल्यांतलेच काही जण शेवटी ज्युरी होऊन विजेता ठरवतात. आपल्याकडं तर प्रेक्षकांनीच उत्तर दिलं. सा रे ग म प लिटिल चॅम्प्सचं एक पर्व 2009 मध्ये कार्तिकी गायकवाडनं जिंकलं, पण लोकांनी आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित यांच्यासकट पाचही जणांना घरचं केलं, 'पंचरत्न' म्हणून. 2021 च्या लिटिल चॅम्प्समध्ये हेच पाच जण ज्युरी म्हणून बसले. मला वाटतं, मराठी वाहिन्यांवरच्या स्पर्धांनी केलेली ही सगळ्यात सुंदर गोष्ट. फक्त तिला बारा वर्षं लागली.

सध्या मी एका गाण्याच्या स्पर्धेचा आराखडा लिहिते आहे. कुणी घेईल न घेईल. त्यात परीक्षकांचा मार्कांचा कागद पडद्यावर दिसतो आणि स्पर्धकाच्या हातात जातो. खालच्या क्रमांकाचा गायक घरी जात नाही, तो वरच्याच्या जोडीला जातो, त्याच्या गाण्याला तंबोरा धरतो, कोरस गातो, आणि तीन आठवड्यांनी तेच हरलेलं गाणं पुन्हा गातो. निकालाचा पॉज मी पूर्ण काढून टाकला आहे. त्या जागी पाच मिनिटं ठेवली आहेत, परीक्षक आणि स्पर्धक कागद मधे ठेवून बोलतात त्याची. एका वाहिनीच्या बैठकीत मला विचारलं गेलं की ही पाच मिनिटं कोण बघणार. मी त्यांना मामाच्या गावचा पार सांगितला. पटलं की नाही माहीत नाही, पण ऐकून घेतलं.

गेल्या महिन्यात मी रिसोडच्या त्या मुलाला फोन केला. आता तो चाळिशीकडं झुकला आहे, शेती करतो, भजनी मंडळात गातो. आराखडा सांगितला, पहिल्या भागाच्या तालमीला ये म्हटलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "ताई, येतो. पन आधी सांगा, तवा माहे मार्क कुठी कटले होते?"

माझ्या जुन्या वह्या माळ्यावर होत्या. त्या काढल्या, ते पान सापडलं. त्या आठवड्याच्या बैठकीत कोण काय बोललं ते मी लिहून घेतलेलं होतं. त्याच्या नावापुढं माझ्याच अक्षरात दोन शब्द होते: 'एव्ही संपली.' मी त्याला ते वाचून दाखवलं.

पलीकडं बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्यानं विचारलं, "सुराचं काईच लिहेल नाई काय?"

मी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.