चकव्याची वाट

मुलुंडच्या पश्चिमेचा डोंगर ओलांडला कीं पलीकडे बोरिवली. आगगाडीनें जावयाचें तर दादरास गाडी बदलून पुनः उत्तरेस यावें लागतें. म्हणून आमच्या घरचीं माणसें पूर्वीं तुळशीच्या तलावाच्या बाजूनें रान तुडवीत पायींच जात. ह्या डोंगरांस वाटसरू नवे नाहींत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक येथील दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. आज तें सारें रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडतें व परवानगीवांचून कोणास तें ओलांडतां येत नाहीं.

ह्याच रानांत आमच्या आजोबांस चकवा लागला.

आजोबा शाळामास्तर, भुताखेतांच्या गोष्टींचा त्यांस मोठा तिटकारा. जॅक्सन नांवाच्या कलेक्टरानें जमविलेल्या माहितीवरून कोंकणच्या लोकसमजुतींचें जें इंग्रजी पुस्तक १९१५ सालीं निघालें, त्यांतील बराच मजकूर गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं पुरविलेला आहे. मुंजा, झोटिंग, हडळ, पाण्याकांठीं वाटसरास भुलविणारा गिरा, अशी जंत्रीच तेथें सांपडते. आजोबा त्या व्यवसायबंधूंची कींव करीत!

असा हा गृहस्थ भाद्रपदांत, दुसऱ्या दिवशीं वडिलांचें श्राद्ध म्हणून, बोरिवलीहून निघाला. आभाळ भरलेलें, रानांतच काळोख झाला. बराच वेळ चालल्यावर एक उंबर लागला. पुढें पुनः तोच उंबर. तिसऱ्यांदा तो दिसला तेव्हां आजोबा त्याला पाठ टेकून बसले ते पहांटेपर्यंत. पूर्व उजळतांच उठले आणि स्नानाच्या वेळेस घरीं पोंचले. श्राद्ध चुकलें नाहीं.

हें त्यांनीं एकट्या आजीस सांगितलें. त्यांच्या मागें तिनें तें आम्हां मुलांस सांगितलें, तेव्हां मी नुकताच कॉलेजांत जाऊं लागलों होतों. "आजोबांस डुलकी लागली असेल," असें म्हणून मी हंसलों. "हंस बाबा, पण रात्रीं वाट चुकलास तर चालत राहूं नकोस, बैस," एवढेंच ती बोलली. माझ्यादेखत तिनें ती गोष्ट पुनः कधीं काढली नाहीं.

२००९ सालीं जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं कांहीं माणसांस एका सपाट रानांत सरळ चालावयास सांगितलें. सूर्य दिसत होता तोंवर तीं बहुतेक सरळ गेलीं. ढगाळ दिवशीं निघालेलीं मात्र गोल गोल फिरलीं, आणि कित्येकांनीं आपलीच वाट ओलांडली तरी त्यांस पत्ता नाहीं! सहारांत चांदण्यांत चालणारा एकजण चंद्र ढगाआड जातांच वळून आला त्याच दिशेस चालूं लागला. एक पाय आंखूड असतो म्हणून असें होतें, हा समज त्यांनीं खोटा ठरविला. खूण नसली कीं समोरची दिशा कोणती ह्या जाणिवेंतच बारीक चूक होते, आणि पावलागणिक ती सांचत जाते. हें वाचलें तेव्हां आजी जाऊन पुष्कळ वर्षें झालीं होतीं.

गेल्या पावसाळ्यांत पुतण्याबरोबर कान्हेरीस गेलों होतों. आभाळ गच्च भरलेलें. "काका, आपलें मुलुंड कुठल्या बाजूला?" त्यानें विचारलें. मी बेधडक हात केला. त्यानें खिशांतून मोबाईल काढून पाहिला, आणि हंसत हंसत माझा हात धरून तो जवळजवळ काटकोनांत वळविला.

मी लेण्याच्या दगडी कट्ट्यावर बसलों आणि त्याला उंबराची गोष्ट सांगावयास सुरुवात केली.