रत्नागिरी ते मंडाले : प्रवासाची दैनंदिनी (भाग दुसरा)

सोमवार, 10 डिसेंबर 2018. यांगून

कोलकात्याहून विमान दोन तास चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. कारण कोणीच सांगितलं नाही. घड्याळ एक तास पुढे केलं.

टॅक्सी 9,000 क्यात. सिमकार्ड 6,000. दोघींचं जेवण 7,500. पाणी 600. शंभर रुपयांना साधारण 2,200 क्यात पडतात. डॉलरची नोट अगदी कोरी लागते. बारीक घडी दिसली तरी काउंटरवरची मुलगी हसतमुखाने नोट परत करते. एकाच नोटेसाठी तीन दुकानं झाली.

जेवणात मासळीचा वास नसलेलं काही मिळेना, म्हणून वन्संनी पिशवीतले पोहे भिजवून दह्याबरोबर खाल्ले. पाय सुजलेत. झोप.

मंगळवार, 11 डिसेंबर. यांगून

श्वेडगॉन पॅगोडा. चपला खालच्या दारातच काढायच्या, पायमोजेसुद्धा चालत नाहीत. वर चौथऱ्यावर संगमरवर दुपारी इतका तापतो की सावली शोधत चालावं लागतं. परदेशी माणसाला तिकीट 10,000 क्यात.

पण मान वर केली आणि तक्रार थांबली. जवळजवळ 99 मीटर उंचीचा स्तूप, पायापासून कळसापर्यंत सोन्याने मढवलेला. त्याच्याभोवती आठ दिशांना वारांची स्थानं आहेत. वार सात, पण बुधवारचे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग धरतात. सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, गुरुवारचा उंदीर, शनिवारचा नाग. आपल्या जन्मवाराच्या जागी जायचं आणि तिथल्या बुद्धमूर्तीवर, पिंडीवर घालतो तसं, वाटीवाटीने पाणी घालायचं. वन्संना जन्मतारीख पाठ, वार मात्र आठवेना. शेजारी गालांना थनाखाचा पिवळा लेप लावलेली शाळकरी मुलगी उभी होती. तिने मोबाइलवर तारीख टाकून गुरुवार शोधून दिला, हाताला धरून उंदरापाशी नेलं आणि वाटीही हातात दिली. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एवढ्या गर्दीत पोरीला आपली काळजी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पॅगोड्याच्या दक्षिणेच्या रस्त्यावर मंडालेच्या थिबा राजाच्या राणीची, सुपयालतची, समाधी आहे. यांगूनला उतरण्यामागे माझा खरा हेतू हाच होता. 1886 च्या एप्रिलमध्ये ती रत्नागिरीला आली, 1919 मध्ये नवऱ्याला तिथल्याच मातीत ठेवून परतली आणि 1925 मध्ये इथे वारली. मंडालेला जायची परवानगी इंग्रजांनी तिला शेवटपर्यंत दिली नाही. आयुष्याची तेहतीस वर्षं जिने आमच्या गावचा पाऊस पाहिला, तिच्यापुढे मी रत्नागिरीहून आणलेली आमसुलं ठेवली. दुसरं काय आणणार?

संध्याकाळी बहादूरशहा जफरचा दर्गा. दिल्लीचा बादशहा रंगूनला, म्हणजे इथे यांगूनला, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला. माणसाला त्याच्या माणसांपासून समुद्रापलीकडे नेऊन ठेवलं की तो आपोआप विझतो, हा हिशेब इंग्रजांनी दोन्हीकडे सारखाच केला. जफर 1862 मध्ये गेला. त्याची खरी कबर 1991 मध्ये खोदकाम करताना सापडली, तोवर जागाही नीट माहीत नव्हती.

खर्च : तिकिटं 20,000, टॅक्सी 7,000, फुलं 1,000, जेवण 9,000.

बुधवार, 12 डिसेंबर. बसमध्ये

मंडालेची रात्रीची बस. एक तास उशिरा. दोघींचं तिकीट 36,000. एसी इतका की अंगावर दोन्ही शाली. पडद्यावर रात्री बारापर्यंत सिनेमा, आवाज मोठा. चहात कंडेन्स्ड मिल्क, गोडाने दात आंबले. अक्षर हलतंय, पुरे.

गुरुवार, 13 डिसेंबर. मंडाले

पहाटे चांगलीच थंडी. मंडाले इतकं गार असेल असं वाटलं नव्हतं.

राजवाड्याची तटबंदी चौकोनी, एकेक बाजू सुमारे दोन किलोमीटर, भोवती रुंद खंदक. आम्हाला पूर्वेच्या दरवाज्यातून सरळ राजवाड्यापर्यंतच जायची मुभा. आजूबाजूचा परिसर लष्कराचा, तिथे वळायचं नाही. आत दिसतो तो राजवाडा 1990 च्या दशकात नव्याने बांधलेला. मूळचा सागवानी वाडा 1945 मध्ये, महायुद्धाच्या लढाईत, जळाला. नव्या लाकडावर लाल रंग चकचकतो. वन्संना आवडला. मला रिकामा वाटला.

मी इथे दुसऱ्या माणसाला शोधत होते. याच तटबंदीच्या आत मंडालेचा तुरुंग होता. 1908 च्या सप्टेंबरपासून 1914 च्या जूनपर्यंत लोकमान्य टिळक तिथे होते. 1910-11 च्या हिवाळ्यात लाकडी फळ्यांच्या कोठडीत पेन्सिलीने त्यांनी गीतारहस्य लिहिलं. 1912 मध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही त्यांना इथेच कळली. जन्म त्यांचा रत्नागिरीचा, 1856 चा. आणि ज्या 1910 साली ते इथे लिहायला बसले, त्याच साली आमच्याकडे टेकडीवर थिबाचा नवा राजवाडा पुरा झाला. रत्नागिरीचा माणूस राजाच्या गावात कैदी, राजा रत्नागिरीत कैदी, आणि दोघांना कैद करणारा एकच. शाळेत टिळकांचा धडा आणि थिबाचा धडा मी वेगवेगळ्या वर्गांना शिकवायचे. इथे उभी राहिले तेव्हा तो एकच धडा झाला. वन्सं म्हणाल्या, "चला वहिनी, ऊन चढलं." पाय निघत नव्हता.

तिकीट प्रत्येकी 10,000. चपला काढून फरसावर, पुन्हा पोळलं.

शुक्रवार, 14 डिसेंबर. मंडाले

आज एका माणसाविषयीच लिहायचं आहे.

श्वेनानदॉ मठ. राजवाड्यातलंच हे एक दालन. मिंडोन राजा 1878 मध्ये याच दालनात वारला. पुढे थिबाने ते उचलून तटाबाहेर नेऊन बसवलं आणि मठाला दिलं, म्हणून 1945 च्या आगीतून ते वाचलं. जातककथांची कोरीव दारं, आत सोन्याचा मुलामा, बाहेर ऊनपावसाने करडं पडलेलं सागवान. खरा राजवाडा पाहायचा तर इथेच.

पायरीवर एक आजोबा नातीला घेऊन बसले होते. पांढरा सदरा, चौकटीची लुंगी. इंग्रजी स्वच्छ. कुठून आलात, विचारलं. मुंबई म्हणून भागेल असं वाटलं होतं. मग म्हटलं, रत्नागिरी. त्यांनी नातीला जवळ ओढून काहीतरी सांगितलं आणि उठून उभे राहिले. माझ्यासारख्या निवृत्त बाईसाठी सत्तरी ओलांडलेला माणूस उभा राहिला, ते माझ्या गावाच्या नावासाठी.

मग एकामागून एक प्रश्न. पाऊस किती पडतो? राजवाड्यातून समुद्र दिसतो का? लाकूड कसलं? मी सांगितलं, भाट्याची खाडी दिसते, पलीकडे समुद्र, आणि लाकूड तुमच्याच देशातलं, सागवान. राजाची थोरली मुलगी रत्नागिरीतच राहिली, तिची मुलगी टूटू मराठीच बोलायची आणि अगदी साध्या घरात राहून गेली, हेही सांगितलं. हे त्यांना ठाऊक होतं. इतिहासाची पुस्तकं वाचणारा माणूस दिसला.

शेवटी हळूच म्हणाले, "समाधीवर फुलं कोण वाहतं?"

रत्नागिरीत शिवाजीनगरात घरांच्या मधे थिबाची ती समाधी आहे. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले होते. इतर दिवशीही ब्रह्मदेशातून कोणी ना कोणी येतं आणि नमस्कार करून जातं. मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "आणि तुमच्या गावातले?"

वन्संनी पिशवीतून फणसपोळी काढून नातीच्या हातात दिली, म्हणून मला उत्तर द्यायला थोडा वेळ मिळाला. मी म्हटलं, मी वाहीन, दर महिन्याला. त्यांनी दोन्ही हात जोडले. लोकांनी काय करावं याच्या गप्पा खूप होतात. मी दिलेला शब्द माझ्यापुरता आहे आणि तो मी पाळणार आहे.

खर्च आज लिहीत नाही.

शनिवार, 15 डिसेंबर. मंडाले

महामुनी बुद्धाचं देऊळ. पहाटे चारला मूर्तीचं तोंड धुवायचा विधी असतो, म्हणून तीनला उठलो. ही मूर्ती 1784 मध्ये अराकानहून आणलेली. भक्तांनी लावलेल्या सोन्याच्या वर्खांनी अंग ओबडधोबड होऊन फुगलंय, चेहरा मात्र लखलखीत. वर्ख लावायला गाभाऱ्यात फक्त पुरुषांना प्रवेश. बायकांनी बाहेरून बघायचं. मला राग आला आणि अजून गेलेला नाही. इतक्या लांब येऊन, इतकं लवकर उठून, दारातच थांबायचं! बायका मात्र शांतपणे चटईवर बसून प्रार्थना म्हणत होत्या. त्यांच्या शेजारी बसले. भक्ती त्यांची कणभर कमी नव्हती.

टॅक्सी 8,000. नाश्ता मोहिंगा, मासळीचा. वन्संना केळी.

रविवार, 16 डिसेंबर. अमरपुरा

ऊ बैन पूल. सागवानी, सव्वा किलोमीटर. सूर्यास्ताला गर्दी. होडी 15,000, भाजलेले शेंगदाणे 500. टॅक्सीवाला दीड तास उशिरा.

सोमवार, 17 डिसेंबर. इरावतीवर

मंडालेहून बागानची बोट, पहाटे निघाली, दिवसभर पाणी. 1885 च्या नोव्हेंबरात थिबाला याच नदीतून आगबोटीने खाली नेलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. काठावर वाळू, बैलगाड्या, मधूनच टेकडीवर पांढरा पॅगोडा. वन्सं पूर्ण वेळ डेकवर. चहा आज चांगला लागला.

मंगळवार, 18 डिसेंबर. बागान

प्रवेश दोघींचा 50,000. ई-बाइक नको म्हणून घोडागाडी, 25,000. आनंद मंदिर 1105 चं. दोन हजारांवर देवळं पसरलीत. 2016 च्या भूकंपात अनेकांचे कळस पडले, दुरुस्ती चालू आहे. बांबूच्या पहाडांवर बाया विटा पोचवत होत्या.

रात्री आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला पत्र लिहिलं : जानेवारीत नववीची मुलं थिबा राजवाडा बघायला येतील तेव्हा तिथून थेट शिवाजीनगरातल्या समाधीवर न्यायची. प्रत्येकाने घरचं एक फूल आणायचं. माहिती मी सांगेन. टिळकांच्या जन्मस्थानालाही त्याच दिवशी जायचं, कारण ही दोन ठिकाणं एकत्रच समजतात. उद्या सकाळी पोस्ट उघडलं की टाकायचं.