नकाराची नोंद

पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागात, डेलावेअर नदीपासून फार दूर नसलेल्या एका विद्यापीठात मी अर्थेतिहास शिकवीत असता, तेथील अधिसभेने मूलनिवासी राष्ट्रांची एक सल्लागार परिषद स्थापन करावी असा ठराव संमत केला, आणि त्या परिषदेची सनद तयार करण्यासाठी जी समिती नेमली तीत माझेही नाव घातले. माझा अभ्यास पेशवाईतील इनामांचा व इनाम कमिशनच्या दप्तराचा. तेव्हा जमिनीचे जुने कागद वाचण्याची सवय असलेला एखादा मनुष्य समितीत असावा, एवढाच विचार त्यामागे असावा. मला मात्र त्या कामात प्रारंभापासूनच एक विपरीत साम्य दिसू लागले. १८५२ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील इनामदारांना कंपनी सरकारने आपला हक्क शाबीत करावयास लावले, आणि मनाजोगता पुरावा पुढे न आल्याने कित्येकांची वडिलोपार्जित इनामे गेली. येथे कागदाची वाण नव्हती. कागद होता, कायद्याच्या दृष्टीने तो टिकलाही होता, आणि तरीही तो वाचताना वाचणाऱ्यालाच संकोच वाटावा असा होता.

त्या कागदाची हकीकत १७३७ सालची. डेलावेअर या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या तेथील मूलनिवासी लेनापी लोकांशी सचोटीने वागल्याबद्दल ज्याची ख्याती होती त्या, वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्या मुलांनी, टॉमस व जॉन यांनी, १६८६ सालच्या म्हणून एका दस्तऐवजाची प्रत पुढे केली. तीत मनुष्य दीड दिवसात जेथवर चालत जाईल तेथवरची भूमी दिल्याचे लिहिलेले होते. लेनापींच्या समजुतीप्रमाणे चालणे म्हणजे नदीकाठाने, मध्ये विसावा घेत, शिदोरी सोडीत चालणे. पेन घराण्याच्या कारभाऱ्यांनी आधी रानातून वाट साफ करवून घेतली, तीन चपळ माणसे निवडली, आणि ती अशा वेगाने निघाली की त्यांपैकी एडवर्ड मार्शल हा एकटाच अखेरपर्यंत टिकला व साठ मैलांहून पुढे जाऊन थांबला. एवढ्यावरही भागले नाही. तेथून नदीकडे जी रेघ ओढावयाची ती सरळ न ओढता ईशान्येकडे अशी तिरपी ओढली की हाती आलेला मुलूख आणखी कितीतरी वाढला. आमच्याकडील मोजणी कामगारांच्या चलाखीच्या पुष्कळ कथा मी दप्तरात वाचल्या आहेत, परंतु इतक्या मोठ्या प्रमाणावरची हातचलाखी माझ्या वाचनात नव्हती.

हे प्रकरण जवळजवळ दोनशे सत्तर वर्षांनी न्यायालयात गेले होते. लेनापींच्या आजच्या राष्ट्रांपैकी एक असलेल्या डेलावेअर नेशनने ईस्टन गावाजवळच्या सुमारे तीनशे एकर जमिनीसाठी दावा लावला. २००६ साली वरिष्ठ न्यायालयाने, फसवणूक झाली असे गृहीत धरले तरी तत्कालीन सत्ताधीशाने मूळ हक्क एकदा नष्ट केल्यावर तो पुन्हा उभा राहत नाही, या कारणावरून दावा फेटाळण्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला. आमच्या समितीतील विधिविभागाच्या प्राध्यापिका हा निर्णय वाचून दाखवीत होत्या, तेव्हा कुलसचिवांच्या मुद्रेवर किंचित समाधान उमटल्याचा मला भास झाला. तो केवळ भासही असेल.

परिषदेवर बसावयाचे कोणी, हा प्रश्न वाटला त्याहून अवघड निघाला. पेनसिल्व्हेनिया राज्यात संघराज्याने मान्यता दिलेले एकही मूलनिवासी राष्ट्र आज नाही. लेनापींना येथून ओहायोत, तेथून इंडियानात, मग मिसूरीत, मग कॅन्सासमध्ये असे हलवीत हलवीत नेले, आणि त्यांतील मोठा समूह १८६७ च्या सुमारास चेरोकींच्या भूमीत वसला. आज त्यांची तीन मान्यताप्राप्त राष्ट्रे आहेत: ओक्लाहोमातील अ‍ॅनाडार्को येथील डेलावेअर नेशन, त्याच राज्यात बार्टल्सव्हिल येथील डेलावेअर ट्राइब, आणि विस्कॉन्सिनमधील स्टॉकब्रिज-मन्सी समूह. काही शाखा कॅनडात आँटारिओ प्रांतातही आहेत. विद्यापीठाच्या पहिल्या मसुद्यात मात्र असे होते की, परिसरात राहणाऱ्या मूलनिवासी वंशाच्या मान्यवर व्यक्तींमधून कुलगुरूंनी सभासद नेमावेत. ही व्यवस्था सोयीची होती, प्रवासखर्च नव्हता, आणि माणसे सौजन्यशील मिळाली असती. परंतु ज्याची नेमणूक कुलगुरूंनी करावयाची व मुदत कुलगुरूंनी वाढवावयाची, तो कोणाच्या वतीने बोलणार? शिवाय आपली पणजी लेनापी होती असे सांगणारी कुटुंबे त्या खोऱ्यात जागोजाग भेटतात, आणि त्यांच्यापैकी कोणाचे म्हणणे ग्राह्य मानावे हे ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाने स्वतःकडे घ्यावा, यासारखा अनधिकार दुसरा नसेल. फ्रान्सच्या राजदूताची निवड वॉशिंग्टनमध्ये करावी, त्यातला हा प्रकार.

म्हणून त्या राष्ट्रांच्या शासनांनाच आम्ही रीतसर पत्रे धाडली. त्यांची उत्तरे सभ्य, संक्षिप्त आणि अतिशय सावध होती, आणि त्यात नवल नव्हते. अशी निमंत्रणे देणारी विद्यापीठे अनेक, आणि त्यांना उत्तरे देणारे अधिकारी थोडे. पुढे प्रतिनिधी प्रत्यक्ष आले तेव्हा ग्रंथसंग्रहालयातील लांब मेजावर आम्ही नकाशे मांडून ठेवले होते. ओक्लाहोमाहून आलेल्या एक वयस्क बाई ते नकाशे न पाहताच खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी १७७८ च्या फोर्ट पिटच्या तहाचा विषय काढला. नव्या संयुक्त संस्थानांनी मूलनिवासी राष्ट्राशी लेखी स्वरूपात केलेला हा पहिला तह, आणि तो डेलावेअर लोकांशीच झालेला. त्याच्या सहाव्या कलमात, मित्र असलेल्या इतर जमातींसह त्यांनी आपले एक राज्य बनवावे, त्याचे प्रमुखपद डेलावेअरांकडे असावे व काँग्रेसमध्ये त्याला प्रतिनिधित्व मिळावे, अशी तरतूद आहे. अर्थात काँग्रेसच्या मंजुरीच्या अधीन. ती मंजुरी कधी आली नाही. बाई रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी इतकेच विचारले की, आपल्या सनदेतही असे एखादे अधीन असलेले कलम आहे काय?

होते. परिषदेचा सल्ला कुलगुरू विचारात घेतील, एवढेच त्यात म्हटले होते, आणि विचारात घेऊन पुढे काय करतील याविषयी मसुदा मौन होता. पुढील सर्व वाद या एका ओळीवर झाला. विद्यापीठाच्या वकिलांना भीती ही की, परिषदेला नकाराचा अधिकार दिला तर विश्वस्तांच्या अधिकारास बाध येईल. त्यावर विधीच्या प्राध्यापिकांनी दाखवून दिले की, मूलनिवासींच्या अस्थी व पवित्र वस्तू परत करण्याविषयी १९९० चा जो कायदा आहे, त्याच्या जानेवारी २०२४ पासून अंमलात आलेल्या नियमांनी अशा गोष्टी प्रदर्शनात मांडण्यापूर्वी वा त्यांवर संशोधन करू देण्यापूर्वी संबंधित राष्ट्राची संमती आवश्यक केलेली आहे. म्हणजे आपल्याच वस्तुसंग्रहालयाच्या कपाटांपुरता नकाराचा अधिकार त्यांना अगोदरच प्राप्त आहे, तो आपण दिलेला नाही. वकील गप्प झाले, पण वळले नाहीत. अखेर तडजोड झाली ती अशी की, सभासद राष्ट्रांच्या शासनांनीच नेमावेत. परिषदेच्या प्रत्येक सल्ल्याला कुलगुरूंनी ठराविक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. सल्ला अमान्य केल्यास कारणे नमूद करावीत. आणि परिषदेने एखाद्या गोष्टीस नकार दिल्यास तो नकार तिच्याच शब्दांत, एका अक्षराचाही फेरफार न करता, विश्वस्तांच्या रोजनाम्यात दाखल व्हावा. हे पुरेसे आहे असे मला तेव्हाही वाटले नाही, आताही वाटत नाही. परंतु शंभर सद्भावनापूर्ण ठरावांपेक्षा हे एक कलम मला अधिक मोलाचे वाटते.

पैशाचा प्रश्न मी येथे आटोपता घेतो. प्रवासखर्च व मानधन देणग्यांवर न सोडता मूळ अंदाजपत्रकात घालावे, हे बऱ्याच कष्टाने मान्य झाले. त्यानंतर हिशेब खात्याने एका सार्वभौम राष्ट्राच्या शासनाला माल पुरविणारा व्यापारी म्हणून नोंदणीचा अर्ज भरण्यास सांगितले, आणि तो अर्ज परत मागवून घेण्यात जी कारकुनी करावी लागली तिने पेशवे दप्तराची आठवण व्हावी.

पहिल्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर कुलगुरूंच्या कार्यालयाने एकच विषय घातला होता: प्रवेशद्वारापाशी, ही भूमी लेनापींची असल्याचे निवेदन कोरलेला शिलालेख बसविणे. मजकूर तयार होता, दगडही निवडलेला होता. परिषदेने तो विषय खाली ढकलला आणि आपला विषय वर घेतला: वस्तुसंग्रहालयातील व ग्रंथसंग्रहालयातील लेनापींविषयीच्या प्रत्येक वस्तूची व कागदाची यादी तयार करून ती तिन्ही राष्ट्रांच्या दप्तरी पाठवावी, आणि कागदांच्या नकला विनामूल्य द्याव्यात. हे काम कंटाळवाणे, कोणाचेही छायाचित्र न येणारे. ते मात्र चालू झाले, आणि मी निवृत्त होईपर्यंत चालू होते. शिलालेखाच्या विषयावर परिषदेने नकार नोंदविला नाही, होकारही दिला नाही. तो तहकूब ठेवला, आणि दर बैठकीच्या पत्रिकेत शेवटच्या क्रमांकावर तो अद्यापही तहकूबच असतो, असे मला तिकडचे सहकारी कळवितात.